उत्तरेश्वरनं गेम बसवला

उत्तरेश्वर कोरेला राग येतो, असं म्हणणं चूक आहे. यायला आधी कुठंतरी जावं लागतं आणि उत्तरेश्वरचा राग कुठंच जात नसे. सकाळी नळाला पाणी आलं नाही की तो नळावर निघे, आलं की गढूळ आलं म्हणून त्याच नळावर निघे आणि उरलेला डब्याबरोबर कचेरीत जाई. केजमधल्या एका सरकारी कचेरीत तो वरिष्ठ लिपिक होता. कोणत्या ते सांगत नाही, कारण ती कचेरी अजून आहे आणि तिथल्या लोकांना वाचायला भरपूर वेळ असतो.

पण त्या वर्षीचा राग खरा होता आणि त्याला कारण होतं. देशात तेव्हा एकेक गोष्ट खुली होत होती. केबल आली, पुडीतला शांपू आला आणि बसस्टँडसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंजाजी नावाच्या इसमानं व्हिडिओ गेमची दोन मशिनं आणून टाकली. उत्तरेश्वरची सहावीतली मुलगी ईश्वरी एके दिवशी शाळेतून येताना तिथं गेली. विमानाच्या गेममध्ये चौथ्या टप्प्यापर्यंत पोचली. चौथा टप्पा तोवर केजमध्ये कुणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळं सगळी पोरं आपापले खेळ सोडून तिच्यामागं गोळा झाली. मुंजाजीनं भिंतीवरचं बटण बंद केलं, ईश्वरीला दंडाला धरलं आणि रस्त्यावर आणून सोडलं. "पोरीच्या जातीनं हितं यायचं न्हाई. गिऱ्हाईक बिघडतं," तो म्हणाला.

ईश्वरी रडली नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "अप्पा, माजं एकच विमान पडलं होतं. दोन शिल्लक होती."

ही दोन शिल्लक विमानं उत्तरेश्वरच्या काळजाला लागली. तो तसाच चपला घालून निघाला आणि मुंजाजीसमोर उभा राहून त्यानं कायदा, घटना आणि मुंजाजीचं खानदान या तिन्ही विषयांवर भाषण केलं. मुंजाजी शांतपणे शेंगा खात होता. शेवटी म्हणाला, "एवढं हाय तर घरी बसवा की मशीन, उत्तरेश्वरअप्पा."

"बसवतो! बसवूनच दाखवतो!" उत्तरेश्वर ओरडला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वरिष्ठ लिपिकाला टाळ्यांची सवय नसते. त्यामुळं घरी परत येईपर्यंत तो बेत पक्का झाला होता. ईश्वरीनं पोटभर खेळायचं आणि कुणीही तिला "ऊठ" म्हणायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं. मागणी लहान होती, असं त्याला वाटत होतं.

शेजारचे बंकटराव निवृत्त होते आणि सल्ला देणं हेच आता त्यांचं काम होतं. ते म्हणाले, "नवीन कशाला घेता? बीडला एक पार्लर बंद झालंय. तिथं जुनं मशीन पडून हाय." हा सल्ला बरोबर निघाला. बंकटरावांचा आयुष्यातला तो एकमेव बरोबर सल्ला, आणि पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा चाँद बीडला जाऊन ते मशीन बघून आला. म्हणाला, "अप्पा, आतला बोर्ड जळालाय आन् ट्यूबचा कारभार संपलाय. पन लाकूड एकदम कडक हाय. आसं करू. तुमच्या घरचा टीव्ही आत बसवू, त्येला कॅसेटवाला छोटा गेम जोडू आन् त्येच्या वायरी ह्या मोठ्या हँडलला मारू. वरून पार्लर, आतून घरगुती."

"घरचा टीव्ही?" उत्तरेश्वरची बायको शिवकांता आतून म्हणाली. "म्हंजे मालिका बघायची तर आता उभ्यानं, त्या खोक्यात मुंडकं घालून बघायची का?"

उत्तरेश्वरनं तिला स्वाभिमान म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला.

चैत्रातल्या एका गुरुवारी उत्तरेश्वर अशफाकचा टेम्पो घेऊन बीडला गेला. चाँदनं बजावलं होतं की मशीन आडवं करायचं नाही, काच जाईल. म्हणून ते टेम्पोच्या हौद्यात उभं केलं. धुळीनं काच खरवडू नये म्हणून उत्तरेश्वरनं घरून आणलेलं वडिलांचं पांढरं धोतर त्याला वरपासून खालपर्यंत गुंडाळलं आणि सुतळीनं आवळलं. वरती निमुळतं, मध्ये पुढं आलेलं, खाली रुंद. अशफाकनं रोजच्यासारखी उदबत्ती लावली आणि रोज आरशाला अडकवायची झेंडूची माळ, आज आरसा फुटला होता म्हणून, मशीनच्या गळ्यात टाकली. कपाळाला भस्माचे तीन पट्टे लावलेला उत्तरेश्वर मागं बसला. मशीन कलंडू नये म्हणून त्यानं त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. धुळीनं डोळे लाल झाले होते. त्यात त्याचा चेहरा मुळातच आनंदी नव्हता.

मांजरसुंब्याला अशफाक चहाला थांबला. तिथं सटवा भेटला. सटवा हा केजचाच, आडतीवर मुनीम, कोऱ्यांच्या नात्यागोत्यातला आणि बातमी पोटात न ठेवणारा माणूस. तो टेम्पोजवळ आला, बघितलं, आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"घरचंच हाय का?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

वरिष्ठ लिपिकानं पोरांचा खेळ उराशी धरून बसणं शोभत नाही, ही गोष्ट उत्तरेश्वरला बीडपासून टोचत होती. आता ती चव्हाट्यावर आली असं समजून तो खेकसला, "मग काय परक्याचं आसं धरून बसलोय का?"

"न्हाई, तसं न्हाई. आन् आता?"

"आता काय? घरी न्यायचं, आन् दिवस मावळायच्या आत बसवायचं."

आता मराठी माणूस काय वाट्टेल ते बसवतो. विहिरीवर पंप बसवतो, मखरात गणपती बसवतो, नवी कवळी बसवतो. पण उत्तरेश्वर लिंगायत आणि सटवाही लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसवूनच गावातून नेतात आणि बसवूनच माती देतात. त्यात उत्तरेश्वरचे वडील शंकरप्पा आठ दिवसांपासून कपिलधारला मठात राहायला गेले होते, ऐंशीचे होते, दम्याचे होते, आणि कपिलधारचा रस्ता फुटतो तो मांजरसुंब्यावरूनच. सटवानं वाकून, धोतराला हात लावून, मशीनच्या पाया पडून घेतलं.

तो आपली टिंगल करतोय असं उत्तरेश्वरला वाटलं. "चल हो बाजूला!" तो ओरडला.

"दुःखात माणूस आसंच बोलतं," सटवा अशफाकला म्हणाला. "तुमी सावकाश या. म्होरलं मी बघतो." आणि तो भरून निघालेल्या जीपच्या टपावर चढला.

नेकनूरजवळ टेम्पोचं चाक बसलं. तेही बसलंच. स्टेपनीतही हवा नव्हती. अशफाक चाक घेऊन गेला आणि दीड तास उत्तरेश्वर उन्हात मशीनला मिठी मारून होता. येणारी-जाणारी माणसं सायकलवरून उतरून हात जोडत होती. आपल्या जिल्ह्यात माणुसकी अजून शिल्लक आहे असं त्याला प्रथमच वाटलं, आणि त्याचाही त्याला थोडा राग आला.

केजमध्ये टेम्पो गल्लीत वळला तेव्हा गल्ली दिसतच नव्हती, नुसती माणसं दिसत होती. ओट्यावर बेलाची टोपली होती. जंगम स्वामी शंख घेऊन तयार होते. भजनी मंडळ आलं होतं. मशीन आणायला गेलेल्या उत्तरेश्वरला वाटेतच कपिलधारचा निरोप गाठला असणार, असं शिवकांतासकट सगळ्यांनी धरलं होतं. उत्तरेश्वरच्या कचेरीतले सगळे आले होते. सकाळी वेळेवर न येणारेसुद्धा. केसरबाई नावाची शेजारीण दारातच आडवी पडून "आमचं सोन्यासारखं माणूस गेलं गं" म्हणून हंबरडा फोडत होती. गेल्याच महिन्यात याच केसरबाईनं शंकरप्पांशी पाण्याच्या घागरीवरून भांडण केलं होतं आणि त्यांना सोनं सोडून बाकी सगळं म्हटलं होतं.

हे सगळं मुंजाजीनं घडवून आणलेलं नाटक आहे, असा उत्तरेश्वरचा समज झाला. तेवढ्यात शाळेतून आणलेली ईश्वरी गर्दीतून रडत धावली आणि टेम्पोला बिलगली. "आजोबा!" ती म्हणाली.

"सरक! हात लावू नको! काच हाय!" उत्तरेश्वर गरजला.

बंकटराव पुढं झाले. "दर्शन तर घेऊ द्या," म्हणाले, आणि त्यांनी तोंडावरचं धोतर सोडलं.

आत लाकडावर रंगवलेला, कपाळाला पट्टी बांधलेला एक उघडाबंब परदेशी पैलवान होता आणि तो बंकटरावांच्या तोंडावर लाथ मारत होता. त्याच्याखाली नाणं टाकायची फट होती. केसरबाईचा हंबरडा "सोन्या"वरच थांबला. शंख तोंडाशी नेलेल्या स्वामींनी तो हळूच खाली घेतला.

कुणी हसलं असतं तर उत्तरेश्वरला सोसलं असतं. पण कुणी हसलं नाही. लोक चिडले. शंकरप्पा जिवंत आहेत याचा आनंद व्हायला पाहिजे होता, तो कुणालाच झाला नाही.

"आमी अर्धा दिवस रजा टाकून आलो त्याचं काय?" कचेरीतला एक जण म्हणाला.

"खड्डा खांदून झालाय," दुसरा म्हणाला. "कातळ लागला होता. हाताला फोड आलेत."

"खांदलेला खड्डा मोकळा ठेवता येत न्हाई," स्वामी गंभीरपणे म्हणाले.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. बंकटरावांनी मशीनकडं पाहिलं. "मापात बसंल," ते म्हणाले.

उत्तरेश्वर मशीनच्या पुढं हात पसरून उभा राहिला. तेवढ्यात गर्दीच्या मागच्या बाजूनं खरा आक्रोश ऐकू आला. "कोण गेलं रे? माज्या घरातलं कोण गेलं?" मठातून परतताना, मांजरसुंब्याला एसटीत बसताना शंकरप्पांना कळलं होतं की कोऱ्यांच्या घरी मयत झालीय. वीस-बावीस मैल त्या म्हाताऱ्यानं मुलाचं, सुनेचं, नातीचं, एकेकाचं नाव घेत रडत काढले होते. गर्दी फाटली. बंकटराव खाकरले.

"तुमी," ते म्हणाले.

शंकरप्पांनी बेलाची टोपली पाहिली, स्वामी पाहिले, आपलं धोतर पाहिलं आणि धोतराच्या आतला पैलवान पाहिला. डोळे पुसले. मग ते मुलाला एवढंच म्हणाले, "मग माज्याबिगर कसं काय उरकत होतास?" त्यानंतर ते महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसतानासुद्धा मशीनकडं पाठ करून बसत. खड्ड्यात शेवटी बेलाची टोपली पुरली.

इथं एखाद्या समंजस माणसानं मशीन भंगारात घातलं असतं. पण एवढी नाचक्की सोसल्यावर उत्तरेश्वरला आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्यात दुसऱ्याच दिवशी कचेरीत त्याच्या टेबलावर एक कागद आला. त्याच्या वडिलांसाठी रीतसर शोकसभा झाली होती, दोन मिनिटं उभं राहून झाली होती आणि अर्धा दिवस काम बंद होतं. ते कागदावर बसवायचं तर मृत्यूचा दाखला लागतो. तो नसेल तर हयातीचा दाखला जोडून, शोकसभा कोणत्या परिस्थितीत झाली याचा खुलासा करावा. हा मसुदा उत्तरेश्वर ओळखत होता. तो त्यानंच बसवलेला होता. गेली बारा वर्षं तो लोकांना हेच कागद पाठवत आला होता आणि ते वाचताना इतके अंगावर येतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

शंकरप्पांनी दाखला आणायला यायला साफ नकार दिला. तोही थेट नाही, सुनेमार्फत. "मी जिता हाय हे मला ठाव हाय. त्येंला न्हाई तर त्येंनी यावं."

ते आले नाहीत, पण करमणूक कराचे एक साहेब आले. गावभर गाजलेली वस्तू कुणाच्याही कानावर जाणारच. घरात विनापरवाना व्हिडिओ गेम केंद्र चालतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"केंद्र न्हाई, घर हाय हे!" उत्तरेश्वर म्हणाला.

"मग नाणं टाकायची फट कशाला?"

उत्तरेश्वरनं चाँदकरवी साहेबांच्या डोळ्यांदेखत लाकडाचा भुसा आणि सरस भरून ती फट बुजवली. साहेबांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. यंत्र चालू स्थितीत तपासावं लागेल, ते म्हणाले. चालू स्थिती म्हणजे चाँदनं तेव्हा निम्म्याच वायरी जोडल्या होत्या. विमान फक्त डावीकडं जात होतं. साहेबांनी पाऊण तास डावीकडं जाऊन तपासणी केली. ईश्वरी त्यांच्या मागं उभी राहून टाचा उंचावून बघत होती. "साहेबांच्या पाठीशी उभं राहू नको, जा आत," उत्तरेश्वर तिच्यावर डाफरला. ती गेली.

मग चाँदचं काम रोज संध्याकाळी सुरू झालं आणि रोज संध्याकाळी काहीतरी नवीन बिघडलं. एकदा पडद्यावर बर्फ पडला. एकदा हँडलला हात लावला की बंकटरावांच्या घरातला रेडिओ खरखरायला लागला, म्हणून बंकटराव आले आणि सल्ला देऊन गेले. एकदा उत्तरेश्वरलाच शॉक बसला आणि त्यानं मशीनला लाथ मारली. मशीनवरचा पैलवान लाथ मारतच होता, त्यामुळं ते दोघं काही क्षण अगदी बरोबरीचे दिसले. पुढं पुढं उजवीकडं ढकललं की विमान वर जाऊ लागलं. चाँदनं डोकं धरलं. दाराच्या चौकटीला टेकलेली ईश्वरी हळूच म्हणाली, "चाँदमामू, ह्या पिवळ्या आन् निळ्या वायरीची अदलाबदल झालीय."

"तुला काय कळतंय गं? शॉक बसंल! कितींदा सांगायचं, सरक म्हणून!" उत्तरेश्वर ओरडला. ओरडणं आता त्याला वेगळं काढावं लागत नव्हतं. ते तयारच असे.

चाँदनं गुपचूप पिवळी आणि निळी वायर बदलली. विमान उजवीकडं गेलं.

असं महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, मशीन चालू झालं. पूर्ण चालू. डावं डावीकडं, उजवं उजवीकडं, आवाजासकट. चाँद पेचकस खिशात घालून, छाती पुढं काढून निघून गेला. शिवकांतानं मशीनला हळदकुंकू लावलं. उत्तरेश्वरनं चेहरा धुतला, समोर एक स्टूल ठेवलं, ते हातानं पुसलं आणि हाक मारली.

"ईश्वरे, ये. बस. खेळ आता किती खेळायचं ते. बघू कोन उठिवतंय तुला!"

ईश्वरी आतल्या खोलीत वहीला कव्हर घालत होती. "मला न्हाई खेळायचं," ती म्हणाली.

उत्तरेश्वरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो आत गेला. "कावून? म्हैनाभर मी हितं मरमर मरतोय ते कुनासाठी? गावात तोंड दाखवायला जागा न्हाई उरली! तुझा आजा बोलत न्हाई माज्याशी! हापिसात खुलासे लिवतोय! आन् तू..."

"मुंजाजी एकदाच वरडला होता, अप्पा," ईश्वरी म्हणाली.

ती वर पाहत नव्हती. अंगठ्यानं कव्हराची घडी पक्की दाबत होती.

उत्तरेश्वरनं तोंड उघडलं. सवयीनं. आत सगळं तयार होतं, पण ते कुणावर काढायचं ते सापडेना. मुंजाजी नव्हता, साहेब नव्हते, सटवा नव्हता. ज्याच्यावर ओरडायला पाहिजे होतं असा एकच माणूस त्या खोलीत होता आणि स्वतःवर ओरडायची रीत त्याला ठाऊक नव्हती. त्याला लाज वाटली. रागापेक्षा ती फार जड होती आणि तिला आवाज नव्हता.

मग तो म्हणाला, "दाराला आतून कडी हाय. म्होरच्या खोलीच्या. ती लाव तू. तू म्हनल्याबिगर आत कुनी येनार न्हाई. मीसुदिक न्हाई."

तो चपला न घालताच बाहेर आला आणि ओट्यावर उन्हात बसला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शंकरप्पा मांडी घालून सुपारी कातरत होते. त्यांनी पोराकडं पाहिलं, बोलले नाहीत, पण सावलीतली सतरंजी थोडी त्याच्याकडं सरकवली.

पाव तासानं आत कडी लागल्याचा आवाज झाला. मग विमानाचा.

तेवढ्यात बंकटराव आले. त्यांच्याबरोबर दोन पाहुणे होते. "बसवलं म्हनं एकदाचं? ह्येंना दाखवतो," ते म्हणाले आणि दाराकडं निघाले. उत्तरेश्वर उठला. बंकटरावांना आडवा झाला. एरवी त्यांना दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं काहीतरी मिळालं असतं. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "थांबा. इचारून सांगतो."

त्यानं दारावर बोटानं टकटक केलं.

"ईश्वरी, येऊ का?"

"थांबा, अप्पा," आतून आवाज आला. "आजून मेले न्हाई मी."

उत्तरेश्वरनं पाहुण्यांना सतरंजीवर बसवलं आणि तोही त्यांच्याबरोबर थांबला.